जेरी ऑरबाख: ब्रॉडवेचा गायकनट, टीव्हीचा पोलीस

अमेरिकन टीव्हीवरच्या ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकेत बारा वर्षं डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को साकारणारा जेरी ऑरबाख मुळात ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या रंगभूमीचा, गायकनट. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण कारकिर्दीचे सरळ दोन तुकडे करतात, आधी गाणं आणि मग पोलिसी. मला ही विभागणी पटत नाही. ब्रिस्कोमध्ये जे जे चांगलं आहे ते ऑरबाखने संगीत नाटकांत कमावलेलं आहे, आणि कुठल्या नाटकात काय कमावलं हे जवळपास बोट ठेवून दाखवता येतं. या पोस्टमध्ये तेच करायचं आहे.

जन्म २० ऑक्टोबर १९३५, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये. वडिलांनी व्हॉडेव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदांच्या मिश्र कार्यक्रमांच्या, रंगमंचावर कामं केली होती, आई रेडिओवर गायची. शाळा इलिनॉयमधल्या वॉकीगन गावात झाली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून तो १९५५ मध्ये न्यूयॉर्कला परतला आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या थिएटर डी लीसमध्ये चाललेल्या ‘थ्री पेनी ऑपेरा’त शिरला. आधी बदली नट, मग रस्त्यावरचा गायक, आणि शेवटी थेट मॅक हीथ, म्हणजे नायक. नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं हे नाटक मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपात तिथे १९५५ ते १९६१ असं सलग चाललं. मराठी प्रेक्षकाला हे नाटक परकं नाही. पु. ल. देशपांड्यांनी त्याचाच ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी तो थिएटर अ‍ॅकॅडमीतर्फे बसवला. त्यात नंदू भेंडेंचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना मुद्दा लगेच कळेल. या संगीतात सुंदर आवाजाचा माणूस सहसा पडतो, कारण तो सूर लांबवतो आणि शब्द मागे राहतो. वाइलच्या चालींना शब्द पुढे लागतो. व्यंजनं स्पष्ट हवीत आणि ओळीचा शेवट सोडून द्यायचा, रेंगाळायचं नाही. विशीतल्या मुलाने तीनशेच्या आत खुर्च्या असलेल्या थिएटरात आठवड्याला आठ प्रयोग हे केलं, तर ते त्याच्या जिभेत कायमचं बसतं.

हे आठ प्रयोगांचं गणित आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायला हवं. ब्रॉडवेचा आठवडा म्हणजे साधारण सहा रात्री आणि दोन दुपारचे प्रयोग, एक दिवस सुट्टी. आपल्यासारखे दौरे नाहीत. तेच थिएटर, तेच नेपथ्य, रोज. नट आजारी पडला तर बदली नट उभा राहतो, प्रयोग रद्द होत नाही. याचा परिणाम असा की तिथल्या नटाला ‘आज रंगलं नाही’ म्हणायची सोय नसते. तीनशेव्या प्रयोगातही वाक्य त्याच ठिकाणी, त्याच वेगात, पण पहिल्यांदा सुचल्यासारखं पडावं लागतं. पुढे टीव्हीवर एकाच प्रसंगाचे दहा-दहा टेक देताना हीच सवय कामाला येते. नुसत्या सिनेमातून आलेल्या कितीतरी नटांचा चौथा टेक पहिल्यापेक्षा शिळा असतो.

मग १९६० मध्ये ‘द फँटास्टिक्स’. ३ मे १९६० ला सलिव्हन स्ट्रीट प्लेहाउसमध्ये उघडलेलं हे छोटं संगीत नाटक १३ जानेवारी २००२ पर्यंत चाललं, १७,१६२ प्रयोग. त्यातला पहिला एल गायो, म्हणजे सूत्रधार आणि भाडोत्री दरोडेखोर, ऑरबाख. माझ्या मते त्याच्या पुढच्या टीव्हीच्या कामाची खरी शाळा हीच. थिएटरात दीडशेच्या आसपास खुर्च्या. वादक दोन, एक पियानोवर आणि एक हार्पवर. भिंत दाखवायची तर एक मूक पात्र हातात काठी आडवी धरून उभं राहतं. आणि अशा जागी नाटक सुरू होतं ते सूत्रधाराच्या एका संथ, तीन मात्रांच्या गाण्याने. नाचायचं नाही, फिरायचं नाही, हातात काही नाही. प्रेक्षकांना ‘आठवून बघा’ एवढंच सांगायचं.

हे गाणं बिघडतं ते आवाज दाखवायला गेलं की. पहिली रांग पायाशी असते. तिथे घुमणारा बॅरिटोन, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाज, लावला की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो, आणि एकदा तो मागे सरकला की काठीची भिंत त्याला काठीच दिसते. मूळ ध्वनिमुद्रणात ऑरबाख जवळजवळ बोलतो. स्वर आहे, पण तो शब्दाखाली दाबून ठेवलेला. श्वास ओळीच्या मध्ये अर्थाप्रमाणे घेतलेला. बोलणारा माणूस आणि ऐकणारा माणूस यांच्यातलं ते अंतर कॅमेऱ्याच्या अंतराइतकंच आहे. पंचविशीच्या आत त्याला ते सापडलं होतं. पुढची वीस वर्षं कॅमेरा त्याच्या वाट्याला फारसा आला नाही एवढंच.

या छोट्या थिएटरांतून ब्रॉडवेवर तो १९६१ च्या ‘कार्निव्हल’मधून आला. दिग्दर्शक गॉवर चँपियन, निर्माता डेव्हिड मेरिक. ही दोन नावं लक्षात ठेवा. भूमिका एका लंगड्या, कडवट कळसूत्रीकाराची, जो स्वतःच्या तोंडाने कुणाशी नीट बोलू शकत नाही पण बाहुल्यांच्या तोंडून प्रेमळ होतो. त्यानंतरची काही वर्षं पुनरुज्जीवनांची. १९६५ मध्ये सिटी सेंटरला ‘गाइज अँड डॉल्स’, ज्यासाठी टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं पहिलं नामांकन मिळालं, आणि १९६६ मध्ये एथेल मर्मनबरोबर ‘अ‍ॅनी गेट युअर गन’. ही कामं चांगली असतील, पण त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती.

त्याच्यासाठी जणू मापाने शिवलेली भूमिका आली ती १ डिसेंबर १९६८ ला, ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’मध्ये. संवाद नील सायमनचे, संगीत बर्ट बाकराकचं, गीतं हॅल डेव्हिडची, निर्माता पुन्हा मेरिक. चक बॅक्स्टर नावाचा एक साधा कारकून वरिष्ठांना आपल्या घराची किल्ली उधार देतो आणि बढती मिळवतो, ही गोष्ट. १,२८१ प्रयोग झाले, आणि १९६९ चा संगीत नाटकातल्या प्रमुख अभिनेत्याचा टोनी ऑरबाखला मिळाला.

या भूमिकेत दोन अवघड गोष्टी आहेत. पहिली, बाकराकच्या चाली. शीर्षकगीतात मात्रांची मोजणी सतत बदलते. तीन, चार, पाच असं पुढे-मागे होत राहतं आणि वेगही जोरात. हे मात्रा मोजून गायला गेलात तर चेहऱ्यावर मोजणी दिसते. उपाय एकच: गाणं आधी बोलून पाठ करायचं, वाक्याचा जोर कुठे पडतो ते पक्कं करायचं आणि मगच सूर चढवायचा. बाकराकने चाली बोलण्याच्या ओघावर बांधलेल्या असल्यामुळे तसं केल्यावर त्या आपोआप जागच्या जागी बसतात. दुसरी अवघड गोष्ट म्हणजे बॅक्स्टर अधूनमधून संवाद तोडून थेट प्रेक्षकांशी बोलतो, कधी कधी तर घडलेल्या प्रसंगाऐवजी त्याला हवा होता तो प्रसंग करून दाखवतो. समोरच्या पात्रावरून नजर काढून प्रेक्षकांवर आणि परत, हे अर्ध्या सेकंदात आणि आवाजाची पट्टी न बदलता करावं लागतं. पट्टी चढली की ‘भाषण’ होतं.

इथे ध्वनीचाही हात होता. बाकराकला रेकॉर्डिंग स्टुडिओची सवय. त्याने फिल रमोन या ध्वनिमुद्रणातल्या माणसाला आणलं, मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात गाणारे आवाज बसवले आणि सगळा आवाज यंत्रावर मिसळून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. ब्रॉडवेसाठी तेव्हा हे नवं होतं. शुद्धतावाद्यांना आवडलं नाही, पण नटाला त्यातून मोकळीक मिळाली: शेवटच्या रांगेसाठी ओरडायची गरज उरली नाही. मायक्रोफोनवर विश्वास ठेवून बोलायचं असतं, हा धडा ऑरबाख टीव्हीच्या कितीतरी आधी शिकला.

१९७५ चं ‘शिकागो’ सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ३ जून १९७५, फॉर्टी-सिक्स्थ स्ट्रीट थिएटर, दिग्दर्शक बॉब फॉसी, समोर ग्वेन व्हर्डन आणि चिटा रिव्हेरा. तालमींच्या सुरुवातीलाच फॉसीला हृदयविकाराने गाठलं, शस्त्रक्रिया झाली आणि नाटक काही महिने पुढे गेलं. ऑरबाख होता वकील बिली फ्लिन. पत्रकार परिषदेच्या गाण्यात फ्लिन आपल्या अशिलाला, रॉक्सीला, मांडीवरच्या बोलक्या बाहुलीसारखं बसवतो आणि तिची उत्तरं स्वतः देतो. ‘कार्निव्हल’मधला कळसूत्रीकार चौदा वर्षांनी असा परत आला, फक्त आता तो कडवट नाही, बेरकी आहे. कोर्ट, वकील, साक्षीदाराला पढवणं, खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यात बघणं, हे सगळं ब्रिस्कोच्या जगात पुढे रोजचं होणार होतं. लक्षात घ्या की १९९१ मध्ये ‘लॉ अँड ऑर्डर’ने त्याला पहिल्यांदा बोलावलं ते एका भागापुरतं, बचाव पक्षाचा वकील म्हणून.

त्याआधी २५ ऑगस्ट १९८०. विंटर गार्डन थिएटर, ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’चा पहिला अधिकृत प्रयोग. निर्माता मेरिक, दिग्दर्शक चँपियन, ‘कार्निव्हल’चीच जोडी. ऑरबाख होता ज्युलियन मार्श, म्हणजे नाटकातला नाटकाचा दिग्दर्शक, नवख्या मुलीला ऐनवेळी नायिका करून रंगमंचावर ढकलणारा. त्याच दिवशी चँपियनचं रुग्णालयात निधन झालं होतं. मेरिकने ही बातमी नटसंचापासून दडवून ठेवली. प्रयोग जोरात झाला, पडदा पुन्हा पुन्हा वर गेला, टाळ्या थांबेनात. मेरिक मंचावर आला आणि त्याने प्रेक्षकांसमोरच, नटांसमोरच, चँपियन गेल्याचं सांगितलं. काय करावं कुणालाच कळेना. ऑरबाखने विंगेकडे बघून पडदा पाडायला सांगितलं. वीस वर्षांपूर्वी ज्या दिग्दर्शकाने त्याला ब्रॉडवेवर आणलं त्याच्याबद्दलची बातमी ऐकून काही क्षणांत त्याने हे केलं. रंगमंचावर काहीही कोसळलं तरी प्रेक्षकांसमोरून आपल्या माणसांना आधी बाजूला घ्यायचं, हे ज्याच्या अंगात मुरलंय तोच हे करू शकतो. मेरिकने केलं ते मला आजही क्रूर वाटतं.

‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ ३,४८६ प्रयोग चाललं. ऑरबाख त्यात काही वर्षं राहिला आणि त्यानंतर ब्रॉडवेवर परत आला नाही. का? पैसा आणि वय ही कारणं आहेतच, पण मला वाटतं मोठं कारण त्या नाटकाच्या पत्त्यात दिसतं. १९८१ मध्ये ते विंटर गार्डनमधून मॅजेस्टिक थिएटरला हलवलं गेलं, आणि १९८२ मध्ये विंटर गार्डनला ‘कॅट्स’ आलं. १९८७ मध्ये ते मॅजेस्टिकमधूनही सेंट जेम्सला हललं, आणि जानेवारी १९८८ मध्ये मॅजेस्टिकला ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ उघडलं. मधल्या काळात ‘ले मिझराब्ल’. लंडनहून आलेली ही नाटकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायची, उंच सुरांची, भव्य नेपथ्याची. पन्नाशीच्या, खर्जात बोलत-गाणाऱ्या, शब्दावर हशा घेणाऱ्या अमेरिकन माणसासाठी त्यांत भूमिकाच नव्हती. नील सायमनच्या संवादांवर पोसलेला गायकनट अशा ठिकाणी काय करणार?

कॅमेऱ्याकडे तो हळूहळू सरकला. १९८१ मध्ये सिडनी ल्युमेटच्या ‘प्रिन्स ऑफ द सिटी’त अमली पदार्थविरोधी पथकातला गस लेव्ही हा पोलीस त्याने केला. ल्युमेट चित्रीकरणाआधी नाटकासारख्या तालमी घेत असे, त्यामुळे रंगमंचावरून येणाऱ्यासाठी याहून चांगला पूल नव्हता. १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’मध्ये तो नायिकेचा बाप झाला, ब्रॉडवेवर फॉसी आणि चँपियनच्या हाताखाली काम केलेला माणूस नाचावरच्या सिनेमात बाजूला उभा राहून बघतो आणि तरी लक्षात राहतो. ‘मर्डर, शी रोट’मध्ये त्याने खासगी गुप्तहेर हॅरी मॅकग्रॉ केला, त्याची स्वतंत्र मालिकाही निघाली, पण ती १९८७-८८ च्या एकाच मोसमात संपली. १९९१ मध्ये ‘ब्युटी अँड द बीस्ट’मधली मेणबत्ती, ल्युमिएर, हा त्याचाच आवाज, फ्रेंच ढबीतला.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण संगीत नाटकातला नट कॅमेऱ्यापुढे नेमका कुठे अडखळतो हे फार कमी लिहिलं जातं. पहिली अडचण श्वासाची. गायक मोठ्या वाक्याआधी श्वास भरतो आणि क्लोजअपमध्ये खांदे वर जाताना दिसतात. प्रेक्षकाला वाक्य येणार हे आधीच कळतं. श्वास पोटात आणि समोरच्याचं बोलणं चालू असतानाच भरून ठेवायचा, हा त्यावरचा इलाज. नजरेचाही तसाच घोळ होतो. नाटकात डोळे बाल्कनीपर्यंत नेतात. कॅमेऱ्यापुढे समोरच्या नटाचा एकच डोळा धरायचा असतो, कॅमेऱ्याच्या जवळचा, नाहीतर बुबुळं डावी-उजवीकडे हलत राहतात आणि माणूस घाबरलेला वाटतो. आणि सर्वांत चिवट सवय म्हणजे हशासाठी थांबणं. विनोदी वाक्यानंतर नाटकात दम धरतात, टाळी किंवा हशा उतरू लागला की पुढचं वाक्य. सेटवर हसायला कुणी नसतं. तरी थांबलात तर त्या पोकळीत चेहरा ‘मी विनोद केला’ असं सांगत राहतो, आणि संकलकाला तो कापताही येत नाही कारण समोरच्याचा क्यू, म्हणजे बोलायची खूणसुद्धा उशिरा पडलेली असते.

याउलट गायकनटाकडे असं काही असतं जे इतरांना कष्टाने मिळवावं लागतं. तोच प्रसंग आधी लांबून, मग खांद्यावरून, मग जवळून असा वेगवेगळ्या वेळी चित्रित होतो. कॉफीचा कप कुठल्या शब्दावर उचलला, वही कुठल्या शब्दावर मिटली, हे प्रत्येक वेळी तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर जोडताना कप उडी मारतो. नृत्यात हालचाल मात्रेला बांधायची सवय असलेल्या माणसाला हे सांगावंच लागत नाही.

‘लॉ अँड ऑर्डर’ १३ सप्टेंबर १९९० ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. डिक वुल्फची निर्मिती. प्रत्येक भागाचा पहिला अर्धा पोलिसांचा, दुसरा सरकारी वकिलांचा. चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये, आणि हीच त्यातली मोठी गोष्ट. बहुतेक मालिका लॉस एंजेलिसला होत. इथे रंगभूमीचा नट आपलं शहर न सोडता काम करू शकत होता. छोट्या भूमिकांसाठी ही मालिका न्यूयॉर्कच्या नाट्यनटांवरच जगली, इतकी की ब्रॉडवेच्या कार्यक्रमपत्रिकांत नटांच्या परिचयात तिचं नाव नसलं तर आश्चर्य वाटावं.

ऑरबाखची जागा रिकामी झाली तीसुद्धा गाण्यामुळे. त्याच्याआधीचा डिटेक्टिव्ह होता पॉल सॉर्व्हिनो, ज्याला ऑपेरा गायचा होता. न्यूयॉर्कच्या थंडीत रात्री-बेरात्री रस्त्यावर उभं राहून तासन्‌तास बोलल्याने गळा जातो म्हणून त्याने मालिका सोडली. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये, तिसऱ्या मोसमात, ऑरबाखने लेनी ब्रिस्को म्हणून प्रवेश केला आणि २००४ पर्यंत राहिला. सॉर्व्हिनोची भीती खोटी नव्हती. कॅमेऱ्यासाठी दबक्या आवाजात बोलणं गळ्याला उघड्या आवाजापेक्षा जड जातं, कारण श्वासाचा आधार सुटतो आणि सगळा भार स्वरतंतूंवर येतो. त्यात थंड कोरडी हवा. ऑरबाख खर्जात बोलत राहिला, शब्द श्वासावर ठेवून, आणि टिकला. पण त्या बारा वर्षांत ब्रॉडवेवर तो गायला नाही. मला हे नुकसान वाटतं, आणि ब्रिस्को कितीही आवडत असला तरी वाटतं.

एका भागाचं चित्रीकरण साधारण आठ दिवसांचं, मोसमात बावीस ते चोवीस भाग. सुरुवातीच्या मोसमांत सोळा मिलिमीटर फिल्म, कॅमेरा बऱ्याचदा हातात धरलेला, खऱ्या रस्त्यांवर. पोलिसांच्या अर्ध्या भागात नटाला मिळतं काय? प्रश्न आणि माहिती. नाव, पत्ता, वेळ, गाडीचा रंग, कुणी कुणाला शेवटचं पाहिलं. साक्षीदार हातातलं काम सोडत नाही, खोकी उतरवत किंवा कपडे घड्या करत उत्तरं देतो, आणि पोलीस मागे मागे चालतात. या वाक्यांना भावनेचा मुलामा दिला की ती हास्यास्पद होतात, आणि नुसती वाचून टाकली तर प्रेक्षक धागा सोडतो. ऑरबाख प्रत्येक वाक्यात एकच शब्द उचलतो, ज्यावर पुढचा प्रश्न लटकणार आहे तो, बाकीचे सपाट सोडतो. ‘थ्री पेनी’त शिकलेली ही शब्दफेक.

आणि मग शीर्षकाआधीचं ते वाक्य. भाग सुरू होतो, दोन-अडीच मिनिटांत प्रेत सापडतं, गणवेशातला पोलीस माहिती देतो, जोडीदार काहीतरी म्हणतो आणि ब्रिस्को सहा-आठ शब्दांचा एक कोरडा शेरा मारतो. कट. शीर्षकं. ब्रॉडवेच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी एक ठोका असतो, ज्यावर टाळी पडते. हे वाक्य म्हणजे तोच ठोका, टाळीविना. ते जमतं कसं? तो ते कुणाला ऐकवायला म्हणत नाही. नजर वहीवर किंवा प्रेतावर असते, आवाज ओळीच्या शेवटाकडे खाली उतरतो, शेवटचं व्यंजन पूर्ण बंद होतं आणि त्यानंतर चेहऱ्यावर काहीही उरत नाही. संकलकाला नेमक्या अक्षरावर कापता येतं. दुसरं म्हणजे शेरा क्रूर वाटत नाही, कारण ब्रिस्को कोण आहे हे आपल्याला माहीत असतं. दारू सोडलेला, दोन लग्नं मोडलेला, मुलींशी धड न जमलेला माणूस. तो मेलेल्याची चेष्टा करत नसतो. अजून एक प्रेत बघण्यासाठी तेवढा आधार घेत असतो.

ती साधनं काढून घेतली तर काय उरतं हे बघायचं असेल तर मे १९९६ मधला ‘आफ्टरशॉक’ हा सहाव्या मोसमाचा शेवटचा भाग. यात गुन्ह्याचा तपासच नाही. ज्याला शिक्षा मिळवून दिली त्या माणसाचा मृत्युदंड मालिकेतले दोन पोलीस आणि दोन सरकारी वकील असे चौघे जण बघतात आणि मग प्रत्येकाचा तो दिवस कसा जातो एवढीच गोष्ट. ब्रिस्कोला विचारायला प्रश्न नाहीत, पोहोचवायला माहिती नाही, शेऱ्यांना जागा नाही. मुलीशी भेट बिघडते आणि तो वर्षांनंतर पुन्हा दारू पितो. त्याला घरी सोडायला निघालेली सहायक सरकारी वकील क्लेअर किंकेड गाडीच्या अपघातात जाते. दोन वर्षांनी दुसऱ्या एका भागात त्याची मुलगी कॅथी मारली जाते. या दोन्ही ठिकाणी ऑरबाख आवाज चढवण्याच्या जागा सोडून देतो, आणि तिथेच त्याची हुकमत दिसते.

जोडीदार तीन झाले: क्रिस नॉथ, बेंजामिन ब्रॅट आणि १९९९ पासून जेसी एल. मार्टिन. मार्टिन हा १९९६ च्या ‘रेंट’च्या मूळ संचातला गायकनट. म्हणजे शेवटची पाच वर्षं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर प्रेतामागे फिरणारे हे दोघेही संगीत नाटकातले होते, आणि ते ऐकू येतं. वरिष्ठांच्या टेबलापुढे दोघांनी आळीपाळीने माहिती देण्याचे प्रसंग बघा. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने श्वास घेतलेला असतो, क्यू कधी पडत नाही, आणि तरी कुणी कुणाच्या शब्दावर चढत नाही. हे युगुलगीत म्हणायचं तंत्र आहे.

प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार चालू असताना तो काम करत होता. २००४ मध्ये मूळ मालिका सोडून तो त्याच निर्मात्याच्या ‘ट्रायल बाय ज्युरी’त गेला, दोन भाग पूर्ण केले आणि २८ डिसेंबर २००४ ला, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी गेला. ते दोन भाग २००५ च्या मार्चमध्ये दाखवले गेले. ब्रॉडवेने त्याच्यासाठी दिवे मंद केले. टीव्हीच्या एमी पुरस्काराची नामांकनं तीन, पुरस्कार एकही नाही. स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्याच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झालं आणि दोन माणसांना दृष्टी मिळाली. न्यूयॉर्कच्या नेत्रपेढीने नंतर त्याचं छायाचित्र आपल्या जाहिरातींत वापरलं.

नव्याने ओळख करून घ्यायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी १९६० च्या ‘फँटास्टिक्स’चं मूळ ध्वनिमुद्रण, फक्त पहिलं गाणं. मग १९६८ च्या ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’चं शीर्षकगीत, आणि त्यातल्या मात्रा टाळीवर मोजायचा एकदा प्रयत्न करा. त्यानंतर ‘शिकागो’च्या मूळ ध्वनिमुद्रणातली पत्रकार परिषद. मग १९९९ नंतरचा ‘लॉ अँड ऑर्डर’चा कुठलाही भाग लावा आणि पहिली तीन मिनिटं पडद्याकडे न बघता नुसती ऐका, ब्रिस्कोचे शब्द कुठे चढतात, कुठे उतरतात आणि तो श्वास कधी घेतो हे कानाला आधी कळेल. ‘आफ्टरशॉक’ मात्र पाच-सहा भाग पाहून झाल्यावरच बघा, नाहीतर त्यात काय काय काढून घेतलंय ते समजणार नाही.